चावडीपुढची फक्कीची रेघ

आण्णासाहेबाच्या डोक्यात रक्ताची गाठ अडकली अन् त्येला सोलापूरला न्हेलं, ही बातमी त्येच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईनं मला शाळेच्या किचनशेडात येऊन कानात सांगितली. म्या पोरांची खिचडी शिजवत व्हते. पातेल्यावर झाकण ठेवलं, पदर तोंडाला लावला अन् पोटभर हसले. दुसऱ्याच्या दुखण्याला हसू नये एवढी अक्कल मलाबी हाय. पण त्या दिवशी ती अक्कल म्या बाजूला ठेवली.

आता सांगायचंय ते माझं न्हाय, माझ्या पोरीचं. पौर्णिमाचं. ती नागपूरला शिकती. तिच्या शिक्षणाचं नाव ऑक्युपेशनल थेरपी, पण ते आमच्या गावात कुणाच्या तोंडात बसलं न्हाय. गावानं सोपं करून टाकलं, 'हाताची डॉक्टरीण'. मेंदूला काही इजा झाली अन् हातपाय ऐकंनासे झाले, तर माणसानं जेवायचं कसं, गुंडी लावायची कशी, संडासला जायचं कसं, ते ही शिकवती. सुई न्हाय, गोळी न्हाय. पहिल्यांदा मला वाटलं, जेवायला काय शिकवायचं, ते तर आई शिकवतीच की. मग आमच्याच घरात कळलं ते शिक्षण काय असतं.

आमचं गाव अणदूरपासून आत हाय. पौर्णिमा शाळेत जायची तवा गावात दारूनं नुसता उच्छाद मांडला व्हता. मग बायकांनीच उचल खाल्ली. मतदान लागलं, उभी बाटली का आडवी बाटली. आडवी जिंकली तर दुकान बंद. म्या आडव्या बाटलीवर असा शिक्का हाणला का टेबल हाललं. दुकान बंद झालं, आमी हलगी लावून मिरवणूक काढली, अन् दारूबंदी समितीचा अध्यक्ष कोण झाला? आण्णासाहेब. बाटली आडवी केली बायकांनी अन् खुर्चीत जाऊन बसला बाप्या. बागायतदार माणूस, पांढरीफेक कापडं, त्येला न्हाय म्हणायची कुणाची टाप व्हती?

त्येनं एक कायदा काढला. कुणी पेल्याचा संशय आला का सांच्याला त्येला चावडीफुडं उभं करायचं. लिंबाच्या झाडापासून हापशापर्यंत फक्कीची पांढरी रेघ मारायची, कबड्डीच्या मैदानाला मारत्यात तशी. त्या रेघंवरनं चालून दाखवायचं. पाय रेघंवर राहिला तर जा घरी. बाहेर पडला तर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरनं नाव पुकारायचं, 'अमका दारू पिऊन सापडला, त्येला कुणी काम देऊ नये.' पहिल्यांदा चार-दोन खरे बेवडे घावले. आमाला लई बरं वाटलं. म्यापण टाळ्या वाजवल्या.

अन् मग एक दिवस त्या रेघंवर माझा नवरा उभा राहिला.

आमचे मालक, नानासाहेब, आण्णासाहेबाचा ट्रॅक्टर चालवायचे. उसाची भरलेली ट्रॉली कारखान्याच्या गर्दीत मागं घ्यायची तर ह्यांनीच. जन्मात दारूला शिवले न्हायत. जयंतीच्या मिरवणुकीत कुणी बाटली काढली तर ह्ये तिथनं उठून घरी यायचे. त्या हंगामात ह्यांचं चालणं बदललं. पाय फाकवून टाकायला लागले, वळताना भिताडाला हात लावायला लागले. बोलणं जड झालं. चहाची बशी तोंडाला न्हेताना चहा बनियनवर. म्या म्हणलं, जागरणं व्हत्यात, थकवा हाय. तेवढ्यात एके दिवशी ट्रॉली वळवताना आण्णासाहेबाच्या गोठ्याच्या खांबाला घासली. आण्णासाहेबानं ह्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास कुठला येतोय? तर म्हणला, "आजकाल बिनवासाचीबी मिळती."

सांच्याला रेघ मारली. सगळं गाव जमलं. ह्ये दोन पावलं बरी चालले अन् तिसऱ्याला बाजूला गेले. परत रेघंवर आले, परत दुसऱ्या बाजूला. हात पसरून तोल धरायला लागले तशी माणसं खिदळायला लागली. ह्ये मधीच थांबले अन् वरडले, "म्या पेलो न्हाय, आण्णा! म्या पेलो न्हाय!" शब्द तोंडात घोळले, तसं माणसं आणखीच हसली. हापशापाशी पौर्णिमा उभी व्हती. दहावीला व्हती ती, क्लासवरनं येत व्हती, दप्तर पाठीला. बाप रेघंवर झोकांड्या खातोय अन् गाव हसतंय, हे तिनं सगळं बघितलं.

भोंग्यावरनं नाव गेलं. काम गेलं. पण काम गेल्याचं काही न्हाय हो, म्या खिचडी शिजवून घर चालवलं. इज्जत गेली. लेकरं रस्त्यावर ह्यांच्या मागं तसं चालून दाखवायची. ह्यांनी घराबाहेर पडायचंच सोडलं.

दोन वर्सांनी सोलापूरच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला तवा कळलं. माणसाच्या डोक्यात मागं एक लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा. ह्यांचा तो आकसत चालला व्हता. डॉक्टर म्हणले, "हा आजार झालेला माणूस प्यायल्यासारखाच दिसतो, त्यात त्यांचा काही दोष नाही." पौर्णिमानं डॉक्टरनं लिहून दिलेला कागद घेतला अन् मला घेऊन आण्णासाहेबाच्या ओसरीवर गेली. म्हणली, "आण्णा, पप्पा आजारी होते. भोंग्यावरनं तेवढं सांगा. बाकी काही नको."

त्येनं कागद हातात घेतला न्हाय. म्हणला, "भोंग्यावरनं एकदा गेलं ते गेलं. तुझ्यासाठी समितीचा निर्णय फिरवला तर उद्या गावातला एकूण एक बेवडा कागद घेऊन येईल."

पौर्णिमानं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. तिच्या बापाचा राग पाण्यासारखा, आला अन् गेला. माझा राग तिखट, लगेच नाकातोंडात. पण ह्या पोरीचा राग वेगळाच. ती तो जपून ठेवती, लोणच्यासारखा, अन् वरनं झाकण लावती.

सोलापूरच्या त्याच दवाखान्यात एका मॅडमनं ह्यांना शर्टाच्या गुंड्या लावायला शिकवल्या व्हत्या. ह्यांना भरवणारी, कापडं घालणारी, तोंड पुसणारी म्या. मॅडम मला म्हणल्या, "ताई, तुम्ही हात मागं बांधून बसा." मला लई राग आला. पण ह्यांनी एक गुंडी स्वतः लावली अन् असे हसले का म्या तसं हसू ट्रॅक्टर सुटल्यापासनं बघितलं नव्हतं. पौर्णिमानं तिथंच इचारलं, "मॅडम, हे कुठं शिकायला मिळतं?" तिथनं ती नागपूरला गेली.

सुट्टीला आली का घरात एकेक बदल करायची. स्टीलचा हलका पेला काढून टाकला, ह्यांना पितळंचा जड ग्लास दिला. जड वस्तू हातात असली का हात कमी भरकटतो म्हणं. ताटाच्या जागी उंच काठाची थाळी. जुन्या जीनच्या पायाचं कापड कापून म्या वाळूच्या पिशव्या शिवल्या, त्या मनगटाला बांधायच्या. भिंतीला संडासापर्यंत दोरी. अन् मला दम. "आई, करून द्यायचं न्हाय. करू द्यायचं." ह्यांच्या हातनं भाजी सांडायची, म्या उठायचे, पोरगी माझा पदर धरून खाली बसवायची. ह्ये बरे झाले न्हायत. त्यो आजार माघारी फिरत न्हाय. पण ह्ये आपल्या हातानं जेवायला लागले, एवढं झालं.

आता यंदाचं सांगते. आण्णासाहेब दवाखान्यातनं आला. घरच्यांनी गावाला सांगितलं, बीपी वाढलं व्हतं. पण कामाला जाणाऱ्या बायका सगळं बघत्यात. त्यांनी मला सांगितलं, आण्णासाहेब अंगणात भिताड धरून चालतोय, पाय फाकवून, अन् बोलणं कळत न्हाय. रक्ताची गाठ अडकली व्हती ती लहान मेंदूतच. ऐकलं तवा म्या घरात येऊन ह्यांना सांगितलं, "ऐकलं का? तुमचीच चाल लागली त्येला!" ह्ये म्हणले, "अरारा." मला असा संताप आला ह्यांचा! अरारा म्हणं!

आण्णासाहेब दारातनं बाहेर येईना. एकदाच आला व्हता तर बियाणं इकायला आलेला परगावचा माणूस म्हणला व्हता, "म्हातारबा सकाळीच टाकून बसलेत वाटतं." तवापासनं आत. अन् आत काय? सून भुवनेश्वरी घास भरवती, पोरगा रणधीर अंघोळ घालतो, बायको पाय दाबती. म्या मनातल्या मनात म्हणलं, बस. आता बस तसाच.

पौर्णिमा त्याच टायमाला घरी आलेली. तिचं शेवटचं वरीस. तिला एक अभ्यास दिलेला, मेंदूचा आजार झालेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याला रोजचं जगणं शिकवायचं, अन् ते कसं झालं ते लिहायचं. त्यासाठी आपल्याच घरचा आजारी माणूस घेतलेला चालत न्हाय म्हणं. तिच्या मॅडम फोनवर व्हिडिओत बघून तिला सांगणार.

अन् एक दिवस भुवनेश्वरी आमच्या दारात. डोळे सुजलेले. "सरुकाकू, पौर्णिमाला पाठवा की. दवाखान्यातनं व्यायाम करून घ्या म्हणून सांगितलंय, पण आमाला काय जमंना."

म्या म्हणलं, "कुणाला? जिच्या बापाला तुझ्या सासऱ्यानं गावाफुडं नाचवलं त्या पोरीला? लाज वाटती का?"

"येते मी वहिनी," पौर्णिमा आतनं म्हणली.

भुवनेश्वरी गेल्यावर म्या भांडी आपटली. "तुझ्या अंगात रक्त हाय का पाणी? मरू दे की त्येला तसाच!"

पौर्णिमा ह्यांच्या मनगटाची पिशवी सोडत व्हती. शांतपणे म्हणली, "आई, मी नाही गेले तर ते त्याला भरवून भरवून खाटेलाच चिकटवतील. तोंडातनं शब्द फुटायचा बंद होईल. मग भोंग्यावर कोण बोलणार? मला तो चालता पायजे, बोलता पायजे. चावडीपर्यंत आपल्या पायानं गेलेला पायजे."

म्या भांडी आपटायची थांबले. पोरीकडं नीट बघितलं. हिनं लोणच्याचं झाकण उघडलंय, हे मला तवा कळलं.

म्या पण एकदा गेले. निमित्त काय, तर वाळूच्या पिशव्या द्यायचं. व्हय, त्येच्या हातालाबी पिशव्या म्याच शिवल्या. दुश्मनाच्या हाताला माझ्या हातची शिवण, आता बोला. पण मला त्येला सांडताना बघायचं व्हतं. त्या घरात आमच्या लोकांना ओसरीच्या आत कधी कुणी बोलावलं न्हाय. पौर्णिमा मात्र सरळ मधल्या खोलीत त्येच्या खुर्चीफुडं स्टूल ओढून बसली व्हती. म्या दाराला टेकले.

भुवनेश्वरी भाकरी आमटीत कुस्करून घास करून तयार. पौर्णिमा म्हणली, "वहिनी, थाळी ठेवा अन् तुम्ही बाहेर बसा." बिचारीचं तोंड येवढंसं झालं. आमच्याकडं असंच हाय, सून जागेवर असताना सासऱ्यानं सांडत-लवंडत आपल्या हातानं जेवायचं म्हणजे सुनंची अब्रू गेली. जितकं करून द्याल तितकी सून गुणाची. पौर्णिमा म्हणती, ह्या सेवेनंच आपल्याकडची निम्मी माणसं अंथरुणाला खिळत्यात. त्या घरात सगळी त्येची सेवा करत व्हती, अन् सगळी मिळून त्येला निकामी करत व्हती.

आण्णासाहेबानं घास उचलला. हात तोंडाकडं निघाला अन् वाटंतच भरकटला. आमटी पांढऱ्या शर्टावर, भाकरी मांडीवर. माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या.

"परत," पौर्णिमा म्हणली. "कोपर टेबलावर टेकवा. घाई करू नका. परत."

परत सांडलं. त्येनं शिवी हासडली. ती म्हणली, "परत."

घामानं त्येचं कपाळ भिजलं. जड जिभंनं म्हणला, "तू... सूड घेतीस का गं माझ्यावर?"

"व्हय आण्णा," ती म्हणली. "आता घास उचला. परत."

आण्णासाहेबानं कोपर टेकवलं, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं अन् घास तोंडात गेला. दाराआड भुवनेश्वरी रडायला लागली. पौर्णिमानं थाळी आणखी फुडं सरकवली. मला वाटलं व्हतं मला लई मजा येईल. मजा आली, पण त्येचा घास तोंडात गेला तवा ती बिघडली.

तिच्या शिक्षणात पहिल्या दिवशी एक प्रश्न इचारायचा असतो, 'तुम्हाला सगळ्यात जास्त काय करायचंय?' मग सगळं त्या दिशेनं न्यायचं. आण्णासाहेबानं तिला सांगितलं व्हतं, "चावडीच्या कट्ट्यावर बसून माझ्या हातानं च्या प्यायचाय." तिला पायजे व्हतं तेच. म्हणून ती त्येला अंगणात चालवायची. अंगणात फक्कीची रेघ मारायची अन् म्हणायची, चाला. हा तिच्या पुस्तकातलाच व्यायाम, तिनं मला फोटो दाखवला, तोल जाणाऱ्या माणसाला रेघंवरनं चालवत्यात. अध्यक्षाला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्येचा कायदा अन् हिचा व्यायाम एकच निघाला. फरक येवढाच, ही संगती चालती, हात लांब ठेवून, पडला तर धरायला.

अन् तो सुधरायला लागला. हितंच माझं डोकं फिरलं. डॉक्टर म्हणले व्हते, गाठ अडकून झालेलं बरंच भरून येतंय, सराव पायजे. भिताड सुटलं. शर्टावरचे डाग कमी झाले. अन् हितं माझ्या घरात ह्यांचा पाय महिन्यामागं महिना जडच व्हत चाललेला.

एक दिवस म्या पौर्णिमाच्या अंगावर धावून गेले. "त्येला बरं करतीस! ज्येनं तुझ्या बापाला बुडवलं त्येला चालवतीस, अन् बाप हितं दोरी धरून संडासला जातोय! कसलं तुझं शिक्षण? चुलीत घाल!"

तवा पोरगी पहिल्यांदा फुटली. "आई, पप्पांचा तोल मला माघारी आणता येत नाही. जगात कुणालाच येत नाही. नाव तरी माघारी आणू दे की मला."

ह्ये खुर्चीतनं सगळं ऐकत व्हते. ह्यांनी पितळंचा ग्लास दोन्ही हातानं धरून पाणी पेलं अन् ग्लास खाली ठेवला. "भांडू नका," म्हणले.

एक मे, महाराष्ट्र दिनाला चावडीवर झेंडा अन् ग्रामसभा असती. पौर्णिमानं आण्णासाहेबाला सांगितलं, ह्याच दिवशी जायचं. अन् आदल्या दिवशी दुपारी तिनं त्येला इचारलं. ते तिनं मला घरी येऊन सांगितलं. "आण्णा, चावडीपुढं रेघ मारू का? लिंबापासून हापशापर्यंत?" भुवनेश्वरीनं आणलेला चहा गार झाला. मग आण्णासाहेब म्हणला, "मार."

"न्हाय म्हणला असता तर?" म्या इचारलं.

"तर नसती मारली. पेशंटला फसवायचं नसतं," पौर्णिमा म्हणली. "पण मला ठाऊक होतं तो मार म्हणणार. तो गर्विष्ठ आहे. चालून दाखवल्याशिवाय राहणार नाही."

म्या ह्यांना घेऊन गेले. इतक्या वर्सांत ह्ये चावडीवर आले नव्हते. नको नको म्हणत व्हते, म्या धुतलेला शर्ट फुडं ठेवला अन् म्हणलं, "गुंड्या लावा." लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. माणसं बघत व्हती. बघू द्या म्हणलं.

झेंडा झाला, माणसं कट्ट्यावर, खाली सतरंजीवर बसली. फक्कीची रेघ पांढरीफेक. आण्णासाहेब रणधीरबरोबर गाडीतनं उतरला. रणधीरनं रेघ बघितली अन् त्येचं तोंड लालबुंद झालं. "हे कसलं नाटक लावलंय?" म्हणत पायानं फक्की पुसायला लागला.

"राहू दे," आण्णासाहेब म्हणला.

पौर्णिमा त्येच्या बाजूला, हाताच्या अंतरावर. धरलं न्हाय. तो निघाला. पहिली पावलं बरी पडली. मग पाय रेघंबाहेर. हात पसरले. परत रेघंवर, परत बाहेर. आता समितीचा नवा अध्यक्ष गुंडप्पा व्हता. त्येला आण्णासाहेबाची खुर्ची नुकतीच मिळालेली, अंगात मस्ती. घरच्यांनी सांगितलेली बीपीचीच गोष्ट त्येला ठाऊक. तो मोठ्यानं म्हणला, "काय आण्णा, आज सकाळच्या पारीच?"

अन् माणसं हसली. तीच माणसं. तेच हसणं. बारीक फरक येवढाच, तवा आण्णासाहेब त्यांच्यात बसून हसत व्हता.

तो रेघंच्या मधोमध थांबला. अन् सगळा जीव लावून वरडला, "म्या पेलो न्हाय रे! म्या पेलो न्हाय!"

शब्द तोंडात घोळले. माणसं आणखी हसली, अन् मग एकेक करून गप झाली. जुन्या माणसांच्या ध्यानात आलं. आण्णासाहेबाच्याबी ध्यानात आलं. त्येनं मान वळवून लिंबाखाली बघितलं. ह्ये खुर्चीतनं त्येच्याकडंच बघत व्हते. म्या पदर दाताखाली धरला व्हता. जिंदगीत मला कशानं इतकं बरं वाटलं नसंल, अन् डोळ्यातनं पाणीबी थांबंना.

पौर्णिमा हळू म्हणली, "आण्णा, हापशापर्यंत. चला."

तो चालला. वाकडातिकडा, पण हापशापर्यंत गेला अन् तिथनं कट्ट्यावर जाऊन बसला. पौर्णिमानं पिशवीतनं पितळंचा ग्लास काढला, हॉटेलवाल्यानं त्यात चहा वतला. त्येनं कोपर गुडघ्यावर टेकवलं, मनगट दाबलं अन् चहा पेला. थोडा सांडला. मग ग्लास खाली ठेवून म्हणला, "माईक दे."

रणधीर म्हणला, "आण्णा, घरी चला आता."

"दे म्हणतो न्हवं."

भोंगा खरखरला. त्येचा आवाज सगळ्या गावावरनं गेला, जड, घसरणारा. "नानासाहेब... त्या दिवशी... दारू पेलेला नव्हता. कधीच पेलेला न्हाय. तो आजारी व्हता. म्या... कागद बघितला न्हाय. कसूर माझा."

ह्यांचे खांदे हलायला लागले. ह्यांनी चाचपडत माझा हात धरला. "सरू, झालं. चल आता घरी."

पौर्णिमा हापशापाशी उभी व्हती, दहावीला उभी व्हती त्याच जागी. हातानं तोंड झाकून रडत व्हती. तिचं भागलं व्हतं. बापाचं तर कधीच भागलं व्हतं, त्या अरारा म्हणणाऱ्या माणसाचं.

माझं भागलं नव्हतं. मला एकूण एक शब्द कळला व्हता. म्या ह्यांचा हात सोडवला, उठले, पदर खोचला अन् रेघंवर जाऊन उभी राहिले.

"आण्णा," म्या म्हणलं, "आमच्या वस्तीपातूर ऐकू गेलं न्हाय. परत."

आण्णासाहेबानं माझ्याकडं बघितलं. मग डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं, पौर्णिमानं शिकवलं तसं, माईक तोंडाशी न्हेला अन् पहिल्यापासनं परत सांगायला लागला.